जोडलेले सोमवार

"रेघ कुठेही तुटता कामा नये, वेणूताई. एकदा सुरू झाली की शेवटपर्यंत गेली पाहिजे."

दिनानाथ सरांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. रागावलेला नव्हता. सर कधी रागावत नसत. चहाचा कप खाली ठेवता ठेवता, दुसऱ्याच कुणाला तरी फोन लावत त्यांनी ते सांगितलं आणि मी मान डोलावली.

नवीन पनवेलमध्ये एका मिठाईच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. सर गिऱ्हाइकं आणायचे, कोड मी लिहायचे. २०१३ साली आमच्याकडे एका धर्मादाय न्यासाच्या मधुमेह केंद्राचं काम आलं. केंद्राने पेशंटच्या घरी साखर मोजायची छोटी यंत्रं दिली होती. घरच्यांनी रोज सकाळी बोटाला सुई टोचून साखर मोजायची, केंद्रावर फोन करून आकडा सांगायचा. तिथली मुलगी तो कॉम्प्युटरवर भरायची. महिन्यातून एकदा पेशंट आला की डॉक्टर त्याचा आलेख पडद्यावर उघडून औषध कमीजास्त करायचे. आलेख काढणारा कोड माझा होता.

तसं काम सोपं. खाली तारखा, बाजूला आकडे, मधे ठिपके, आणि ठिपके जोडणारी रेघ. अडतं ते न आलेल्या आकड्यापाशी. एखाद्या दिवशी कुणी मोजलंच नाही, तर त्या जागी काय काढायचं?

पहिल्या खेपेला माझी चूक झाली. रिकामी चौकट कोडने शून्य म्हणून वाचली. शून्य हे माप आहे, आणि न मोजणं हे माप नाही, एवढा साधा फरक मी लिहायला विसरले. त्यामुळे एका पेशंटची रेघ दर सोमवारी धाडकन जमिनीला टेकायची आणि मंगळवारी पुन्हा वर चढायची. मी केंद्रात बसले होते तेव्हा डॉक्टरांनी ती पाहिली आणि मोठ्याने हसले. "ही बाई दर सोमवारी मरते आणि मंगळवारी उठून बसते. हिला औषध कशाला, हिचं देऊळ बांधा."

पेशंटचं नाव कृष्णाबाई. सुकापूरच्या. त्या बाहेर बाकावरच बसल्या होत्या, सोबत सून रोशनी. हसणं त्यांना ऐकू गेलं असणार, पण त्यांनी ते आपल्यावर घेतलं नाही. मी बाहेर आले तशी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"तुजा आज उपास हाय ना, बाय?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"तोंडावर दिसतं. मी पन्नास वर्सं करते. सोमवार, दोनी एकादशी, आनि श्रावनात शनवार पन." मग सुनेकडे न बघता हनुवटीने तिच्याकडे दाखवत म्हणाल्या, "हिला सांगून थकले. देवाच्या दिवशी रक्त काढायचं नाय. आंगातून रक्त बाहेर आलं की पूजा बाटली. हिचा हात नुसता शिवशिवतो."

रोशनी म्हणाली, "डॉक्टर रोज मोजायला सांगतात, मॅडम. ह्या बोट मुठीत धरून बसतात. मग मी फोन करून सांगते, आज उपास, आज माप नाय."

"आणि इंजेक्शन?" मी विचारलं.

"ते घेते ना," कृष्णाबाई म्हणाल्या. "औषद आत जातं. रक्त बाहेर येतं. आत जायला देवाची ना नाय."

मला ते पटलं. हे लिहायला मला लाज वाटते, पण तेव्हा पटलं. कुठल्या गोष्टीने व्रत मोडतं आणि कुठल्या नाही, याचे असे बारीक हिशेब मीही आयुष्यभर केले आहेत. मी त्यांना वाकून नमस्कार केला. रोशनी आमच्या दोघींकडे बघत होती. तिला बहुतेक वाटलं असेल, आता ह्या दोन झाल्या.

ऑफिसात येऊन मी कोड दुरुस्त केला. माप नसेल तिथे रेघ थांबायची, एक मोकळी जागा सोडायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू व्हायची. कृष्णाबाईंची रेघ दर आठवड्याला एकदा तुटू लागली. बघणाऱ्याला लगेच कळत होतं की इथे आपल्याला काही माहीत नाही.

मग न्यासाचे विश्वस्त बघायला आले. त्यांच्यापैकी एकाने विचारलं, "हे दात पडल्यासारखं काय दिसतंय? देणगीदारांना हे दाखवायचं?" सर हसले आणि ते गेल्यावर मला म्हणाले ते वर लिहिलंच आहे. मी हळूच विचारलं, "मग जोडलेला तुकडा निदान तुटक काढू का? किंवा ठिपके ठेवते, म्हणजे खरं माप कुठलं ते कळेल."

"ठिपकेही काढा. अंगावर पुरळ उठल्यासारखं दिसतं. एक सरळ, स्वच्छ रेघ."

आलेख काढायच्या तयार कोडच्या संचात, लायब्ररीत, त्यासाठी एक ओळ असते. रिकाम्या जागा जोडायच्या का? नाही होतं, ते मी हो केलं. रविवारचं दोनशे चाळीस, मंगळवारचं दोनशे साठ, आणि सोमवारी कुणीच न मोजलेलं दोनशे पन्नास आपोआप त्यांच्यामधे येऊन बसलं. त्या क्षणी मला कृष्णाबाई आठवल्या. आठवल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. मुठीत धरलेलं बोट आठवलं, आणि मी फाइल सेव्ह करून डबा उघडला.

दिवसभर पोटात काही नसताना इंजेक्शन घेतलं तर साखर खाली जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डॉक्टरांना माहीत होतं. पण त्यांना रिकामा सोमवार दिसत नव्हता. दिसत होती ती सतत उंचावर चालणारी रेघ. उपास सुटला की कृष्णाबाई रात्री गोडाधोडाचं जेवायच्या, त्यामुळे मंगळवार नेहमीच चढलेला. श्रावणात शनिवारही आले, म्हणजे रविवारही चढले. डॉक्टर सकाळच्या वेळात चाळीस पेशंट बघायचे, सोमवारचा तो जुना विनोद त्यांच्या लक्षातही नव्हता. त्यांनी रेघ बघितली आणि इन्सुलिनच्या चोवीस युनिटची बत्तीस केली. रोशनीने केंद्रावर फोन करून विचारलं होतं की उपासाच्या दिवशीही बत्तीसच का. फोनवरची मुलगी म्हणाली, "डॉक्टरांनी लिहिलंय तसं द्या."

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी रोशनीने सकाळी सात वाजता बत्तीस युनिट दिली. कृष्णाबाई पूजा करून पडल्या. झोप लागली असं सगळ्यांना वाटलं. उपासाच्या दिवशी म्हातारी माणसं पडतातच. दुपारी दोन वाजता रोशनी उठवायला गेली तेव्हा पांघरूण घामाने भिजलं होतं आणि त्या उठत नव्हत्या.

त्या मेल्या नाहीत. दवाखान्यातून बावीस दिवसांनी घरी आल्या, तेव्हा डोळे उघडे होते, घास तोंडात दिला तर गिळत होत्या, पण वाचा गेली होती. माणूसही ओळखत नव्हत्या. सोमवारी मी बोट दिलंच नाही, हे स्वतः सांगू शकणाऱ्या एकट्या कृष्णाबाई होत्या, आणि त्यांचं असं झालं.

रोशनीची नणंद सुनंदा सुकापुरातच दिलेली होती. ती म्हणू लागली की रोशनीने जास्त टोचलं. पोलिसात जाणार म्हणाली. केंद्राला ते नको होतं. त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं, आलेख दाखवायला मला आणि सरांना बोलावलं. तो गुरुवार होता.

गुरुवारी माझं मौन असतं. सूर्योदयापासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत. तेव्हा अकरा वर्षं झाली होती, एकही गुरुवार चुकला नव्हता. ऑफिसात मी चिठ्ठ्या लिहून काम करत असे. सर गिऱ्हाइकांना गमतीने सांगत, "आज आमच्या ताईंचा आवाज बंद, फक्त चित्र चालू." त्या दिवशीही त्यांनी आत शिरताच सांगून टाकलं, "यांचं मौन आहे, माफ करा." माझ्या हातात कोऱ्या चिठ्ठ्यांचं पॅड आणि पेन होतं.

डॉक्टर टेबलामागे. समोर रोशनीचा नवरा परेश, तो मान खाली घालून किल्ल्यांचा जुडगा फिरवत होता. त्याच्या शेजारी सुनंदा. रोशनीला कुणी खुर्ची दिली नाही, ती दाराशी उभी होती.

"सोमवारी आमी मोजायचोच नाय," ती म्हणाली. "आई हात देत नव्हत्या. मी दर खेपेला फोन करून सांगितलंय."

डॉक्टरांनी फोनवरच्या मुलीला आत बोलावलं. तिने माझ्याकडे, मग डॉक्टरांकडे बघितलं. "रोज पन्नास फोन येतात सर. मला नाही आठवत."

"ठीक आहे. आलेख काय सांगतो ते बघू." डॉक्टरांनी पडदा परेशकडे वळवला. "हे चार महिने. एकही दिवस रिकामा नाही."

परेशने पहिल्यांदा मान वर केली. त्याने पडद्यावर बोट ठेवलं, हळूहळू खालच्या तारखेवर आणलं. "हा सोमवार ना? अडीचशे. हा कोनी मोजला?"

"मी नाय मोजला."

"मंग काय रेघ आपोआप आली?"

"मना काय म्हाईत कशी आली! नाय मोजला सांगते ना मी."

सुनंदा उठली. "आवाज चढवू नको. तुजा आवाज आमी सात वर्सं ऐकलाय. नळावर कोन बोललेलं, म्हातारी सुटंल तर बरं होईल? बोल. बोललीस का नाय?"

"बोलले. रागात बोलले. तुमी पन बोलता."

"मी बोलते, पन मी सुई टोचत नाय." सुनंदा डॉक्टरांकडे वळली. "बगितलंत? चार मयने खोटं बोलते. मोजायची आनि नाय मोजलं सांगायची. मंग त्या दिवशी बत्तीसच टोचलं हे खरं कशावरून? पन्नास टोचलं नसंल कशावरून?"

"मनस्वीची शप्पत," रोशनी म्हणाली.

"पोरीची शप्पत घेतेस? थू तुज्या तोंडावर."

मग सर बोलले. त्यांच्या नेहमीच्या मऊ आवाजात. "आपण शंका ठेवायला नको. ज्यांनी हे सगळं लिहिलंय त्या इथेच आहेत. वेणूताई, डेटामध्ये काही गडबड नाही ना?"

सगळे माझ्याकडे वळले. रोशनीसुद्धा. तिने मला ओळखलं होतं. बाकावरचं बोलणं माझ्यासमोरच झालं होतं, हे तिला आठवलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम सैलावला. आता ही सांगेल, असा.

पॅड माझ्या मांडीवर होतं. "सोमवार कोडने जोडले आहेत." चार शब्द. लिहायला मौन आड येत नव्हतं. बोलायला आलं असतं, तरी मोडता आलं असतं. त्या खोलीत माझ्याकडे बोट वळेल, हे मीच केलं असं कळेल, बाकी कशाचीही नाही, फक्त त्याची भीती मला वाटली.

मी मान हलवली. नाही. गडबड नाही.

परेश उठला. रोशनीजवळून जाताना तिच्याकडे न बघता म्हणाला, "उरणला म्हायेरी जा. तुजी पिशवी भावजी आनून देतील. मनस्वीला न्यायला येऊ नको. ती तुला बगून घाबरते."

"कशाला घाबरंल माजी पोर मला?"

उत्तर सुनंदाने दिलं. "कारन तिला सांगितलंय. आईने आजीला मारायला सुई टोचली. खोटं कशाला सांगायचं पोराला?"

संध्याकाळी मी आरतीला तोंड उघडलं. वाटलं होतं शब्द फुटणार नाहीत. रोजच्यासारखे नीट फुटले.

त्यानंतर मी काय केलं ते सांगायला फार नाही. माझ्या उपासांत सोमवार वाढवला. पारायण धरलं. पाणीही न घेता दोन एकादश्या काढल्या, तिसरीला जिन्यात चक्कर आली. वरच्या मजल्यावरची वहिनी म्हणाली, "केवढं हो तुमचं! आमच्याने नाही होत." मला बरं वाटलं. बरं वाटलं हे लक्षात आलं, तेव्हा मी जिन्यातच बसले, आणि व्रत कुणासाठी चाललंय ते माझं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी कृष्णाबाईंच्या नोंदी काढल्या. आलेख नव्हे, मूळ नोंदी. चार महिन्यांत सव्वीस चौकटी रिकाम्या होत्या. मी पंचांग घेऊन बसले. सव्वीसच्या सव्वीस सोमवार, एकादशी किंवा श्रावणातला शनिवार. एकही दिवस इकडचा तिकडे नाही. पन्नास वर्षांच्या व्रताचा पुरावा माझ्या कॉम्प्युटरमध्ये पडून होता, आणि मी त्याच्यावरून रेघ ओढली होती. त्या ओळीतलं 'हो' मी पुन्हा 'नाही' केलं आणि दोन्ही आलेख छापले. एक अखंड, एक तुटलेला.

कागद सरांसमोर ठेवले. त्यांनी ते शेजारी शेजारी लावून बघितले.

"वेणूताई, ती म्हातारी आता बोलणार आहे का?"

"नाही."

"चालणार आहे? नाही. मग ही रेघ आज तोडून कोणाचं भलं होणार? केंद्र बंद पडेल. तीनशे पेशंट आहेत, त्यांच्या सुया, त्यांची औषधं. त्यांचं पाप कोणाच्या डोक्यावर?"

"पण त्या मुलीचं घर..."

"ती घरं आधीपासून तशीच असतात. आपण नाही मोडली." त्यांनी कागद जुळवून माझ्या हातात परत दिले, कडा नीट सारख्या करून. "आणि एक लक्षात ठेवा. मी फक्त विचारलं होतं. मान तुमची हलली."

शनिवारी सकाळी मी उरणची एसटी धरली. कंटेनरच्या रांगेत गाडी तासभर अडकून पडली. कोळीवाड्यात विचारत विचारत गेले. रोशनीची आई गंगाबाई दारात मासळी वाळत घालत होती. मी पदर नाकाला लावला नाही, पण हात तिकडे गेला होता आणि तिने तो बघितला.

"कोन पायजे?"

"रोशनी."

"कशाला? अजून काय राहिलंय का तिचं घ्यायचं?"

रोशनी आतून आली. दोन महिन्यांत तिचे गाल बसले होते. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. खाली बसली आणि आईच्या टोपलीतले बोंबील दोरीवर टाकू लागली. मी तिथेच जमिनीवर बसले आणि सांगितलं. शून्याचं सांगितलं, मोकळ्या जागेचं सांगितलं, हो आणि नाहीचं सांगितलं. दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले. तिने हात साडीला पुसले आणि तुटलेल्या रेघेवर बोट ठेवून मोजू लागली. ओठ हलत होते. सव्वीस झाल्यावर थांबली.

"हे तुमाला तवाच म्हाईत होतं."

"हो."

"बाकावर आई तुमच्यासमोर बोलल्या. तुमी पाया पडलात त्यांच्या."

"हो."

"आनि मी बगत होते. दारात उभी होते ना, समोरच. तुमी मान हलवलीत ती मी बगितली. मला वाटलं, बाईमानूस हाय, देवधर्म करते, लिहील काहीतरी. तुमच्या मांडीवर वही होती." ती हसली. "काय छान बसलेलात तुमी. देवीसारख्या."

मी म्हणाले, "मला माफ कर."

"का करू?"

मी जमिनीवरचे कागद सारखे करू लागले.

"नाय, सांगा ना. माफ केलं की तुमी पनवेलला जानार, आंघोळ करनार, दिवा लावनार, झोपनार. मी इथंच. मंग मी का करू?"

गंगाबाई दारातून म्हणाली, "हिला पानी दे निदान."

"उपास असंल तिचा," रोशनी म्हणाली. पाणी दिलं नाही.

मी विचारलं, "मी काय करू ते सांग. पोलिसात जाऊ? न्यासाला लिहून देऊ?"

"लिहून नको. लिहिलेलं कोन वाचतं? त्या दिवशी पन सगळं लिहिलेलंच होतं पडद्यावर." तिने दोरीची एक गाठ सोडवली. मग म्हणाली, "मनस्वीला सांगा."

"मनस्वीला?"

"सा वर्सांची हाय. तिला सांगितलंय, आईने आजीला मारायला सुई टोचली. शाळेत पन सांगते ती पोरांना. मी परवा शाळेच्या फाटकात उभी राहिले, तर आत पळाली. रडत." आवाज कुठेच हलला नाही तिचा. "सुनंदाताई रविवारी सकाळी आईंना आंघोळ घालायला येतात. परेश पन असतो. तेव्हा जा. पोरीला समोर बसवा आनि तिला सांगा. मोठ्यांनी ऐकलं तर ऐकलं. नाय ऐकलं तर नाय. पोरीला कळलं पायजे."

"एवढ्या लहान मुलीला हे कसं..."

"ते तुमी बगा. तुमाला येतं ना कठीन कठीन सगळं? तुमच्या कंपूटरची भाषा नको. आनि माजं नाव घेऊ नका. मी पाठवलं कळलं तर म्हनतील, शिकवून आनली."

"ते मला घरात घेणार नाहीत."

"मला तरी कुठं घेतात." तिने कागद माझ्या मांडीवर टाकले. "जानार का ते बोला. देवाची शप्पत नको. नुसतं बोला."

"जाईन. उद्याच."

"बगू," ती म्हणाली आणि आत गेली.

एसटीत मी वाक्यं जुळवत होते. सहा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं? आजीला सोमवारी मोजायला आवडायचं नाही. आईने ते सगळ्यांना सांगितलं होतं. एका मावशीने ते पुसून टाकलं. ती मावशी मी. इथपर्यंत बरं जमत होतं. पुढे ती विचारणार, का पुसलंस? दिसायला छान दिसावं म्हणून. आणि मग बोलली का नाहीस? तिथे मी पुन्हा पुन्हा अडकत होते. जसईच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं की मी त्या जागी काहीतरी बरं दिसेलसं घालू बघते आहे. सरांनी सांगितलं, असं. तीनशे पेशंट होते, असं. मी ते सगळं काढून टाकलं. मी घाबरले म्हणून बोलले नाही. एवढंच उरलं, आणि तेवढं लहान मुलांना कळतं.

रात्री सरांना निरोप पाठवला की उद्या मी सुकापूरला जाऊन खरं काय ते सांगणार आहे. त्यांचं उत्तर लगेच आलं. सोमवारपासून येऊ नका. काळजी घ्या.

रविवारी पहाटे उठले. आंघोळ, पूजा, जप, सगळं रोजच्या वेळेला झालं. जपाची माळ मधेच थांबवून मी एकदा वाक्यं म्हणून बघितली, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. माझा आवाज मुळातच बारीक. सुनंदाने ओरडायला सुरुवात केली तर तो कुणाला ऐकू जाणार नाही. म्हणून मुलीच्या अगदी जवळ बसायचं, असं ठरवलं. पळून गेली तर पुढच्या रविवारी.

आठ वाजले होते. सुनंदा यायची वेळ. दोन्ही कागद पिशवीत घातले, मग बाहेर काढले आणि टेबलावरच ठेवले. सहा वर्षांच्या मुलीला त्यांचा काय उपयोग. दाराला कुलूप लावलं. वरून वहिनीने विचारलं, "देवळात का?"

"नाही," मी म्हणाले. "सुकापूरला," आणि जिना उतरू लागले.